पाचपेक्षा कमी

४ फेब्रुवारी

फिरतीची दैनंदिनी कार्यालयात जमा करावी लागते. तिच्यात 'सकाळी प्रयाण, दुपारी आगमन, बैठक घेतली, चर्चा सकारात्मक' एवढंच लिहायचं असतं. आजवर मी तेवढंच लिहीत आलो. या वेळचं काम जरा वेगळं आहे, म्हणून उरलेलं इथे लिहीन म्हणतो. किती दिवस जमतंय बघू.

काम असं. डोंगरात काही वस्त्या आहेत. खालचं शहर वसलं त्याच्या कितीतरी आधीपासून ते लोक तिथे राहतात. कागदोपत्री ते आदिवासी. ते स्वतःला नुसतं 'वरचे' म्हणतात आणि आम्हाला 'खालचे'. गेल्या काही वर्षांत वरच्या बायकांची मुलं पोटातच जातात अशी तक्रार आहे. ती खरी आहे का, आणि खरी असेल तर कशामुळे, हे आकड्यांवरून काढायचं. फिरता दवाखाना तपासण्या करणार, माहिती माझ्याकडे येणार. मी आरोग्य खात्यात आकडेवारीचं काम बघतो. डोंगराशी माझा संबंध म्हणजे तो माझ्या टेबलामागच्या खिडकीतून दिसतो एवढाच.

साहेब म्हणाले, "तुम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्हीच जा."

हे कौतुक असावं.

६ फेब्रुवारी

वस्त्यांची एक आरोग्य समिती आहे. तिच्या परवानगीशिवाय वर कुणी सुईसुद्धा टोचत नाही. बैठक उपकेंद्रात झाली. पत्र्याची खोली, बाळांचा वजनकाटा, शाळेतून आणलेले बाक. अध्यक्ष एक निवृत्त परिचारिका आहेत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांची नोकरी झाली, मग गावी परतल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, म्हणून मीही.

माझी ओळख करून दिली तेव्हा एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "आकडेवाले? म्हणजे विजेच्या तारेवर आकडे टाकणारे?" सगळे हसले. मीही हसलो, थोडं उशिरा.

सिस्टर मात्र कामाचं बोलल्या. माहिती कुठे ठेवणार? कोण बघणार? पुढे कुणाला देणार? आम्ही नको म्हटलं तर परत मिळेल?

"पूर्वी एक पथक आलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं रक्त घेऊन गेलं. निकाल कळवतो म्हणाले. आमचं रक्त आज कुठल्या देशात आहे, देव जाणे."

मी सांगितलं की नावं आम्ही काढून टाकतो. त्यांचं समाधान झालं नाही. वस्ती लहान असली की नाव लागतच नाही, म्हणाल्या. मग मी पाचचा नियम समजावला. एखाद्या चौकोनात पाचपेक्षा कमी माणसं येत असतील तर आम्ही तिथे आकडा छापत नाही, चांदणी छापतो. म्हणजे कोण ते ओळखू येत नाही. हा नियम मला मनापासून आवडतो. साधा आहे आणि काम करतो.

"म्हणजे एकटं माणूस चांदणीमागे लपतं," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"लेखी द्या."

दिलं. चर्चा सकारात्मक.

१९ फेब्रुवारी

दवाखान्याची गाडी उभी, पण बायका येईनात. लांब भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बघत बसल्या. शेवटी शाळेच्या बाईंनी पुढाकार घेतला. वरच्या वस्तीतली शाळा एकशिक्षकी आहे, त्या शाळेच्या या बाई. त्याच वस्तीतल्या. आम्हाला भाषा समजावून द्यायलाही त्याच असतात.

"आधी माझं लिहा," त्या म्हणाल्या. "मग त्या येतील."

गाडीच्या पडद्यामागे नर्स प्रश्न विचारत होती. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. आतलं बोलणं मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. एकदा बराच वेळ थांबलं. मग बाई बाहेर आल्या आणि भिंतीजवळच्या बायकांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. बायका हसल्या आणि रांगेला लागल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, दाढ काढण्यापेक्षा सोपं आहे."

त्यांचे डोळे लाल दिसत होते. वर धूळ फार. बाईंचं सहकार्य उत्तम आहे, आभाराच्या परिच्छेदात उल्लेख करायला हवा.

८ मार्च

रविवार. पहिले तक्ते घरी आणले होते. जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. ही शेजारी भाजी निवडत होती. एरवी माझ्या कागदांकडे ढुंकूनही बघत नाही. आज एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

"एका बाईचे तीन गर्भपात."

"तीन म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळचे ना?"

"अर्थात."

"मग एवढ्याशा चौकोनात कसे बसले?"

मी सांगितलं की आकडा कितीही मोठा असला तरी चौकोन तेवढाच असतो. ती "बरं" म्हणाली आणि भाजी अर्धवट टाकून आत गेली. नंतर मीच निवडली.

आमचंही एक गेलं होतं, सातव्या महिन्यात. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

२७ मार्च

आकडे इतके स्वच्छ बोलताना मी क्वचित पाहिलेत. डोंगरात पाण्याचे तीन ओढे आहेत. दोन ओढ्यांवरच्या वस्त्यांत सगळं चारचौघांसारखं. तिसऱ्या ओढ्यावर मात्र प्रमाण कितीतरी वर. आणि त्याच ओढ्याच्या उगमाशी लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून औषधात बुडवायचा एक कारखाना होता. तो बंद पडला, पण औषधाचे खड्डे तसेच उघडे आहेत. मी नकाशा आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो. आनंद झाला असं लिहायला नको, पण झाला.

साहेबांनाही झाला. पुढच्या महिन्यात परिषद आहे. विद्यापीठातले एक प्राध्यापक आपल्याबरोबर निबंध वाचणार आहेत. त्यांना वस्तीवार, वयवार, व्यवसायवार नकाशा हवा. मी काढून दिला. वस्त्या इतक्या लहान की जिकडे तिकडे चांदण्याच.

"नकाशाला देवी आल्यात का हो?" साहेब म्हणाले. "चांदण्या काढा, आकडे घाला."

"समितीला लेखी दिलंय."

"नावं आहेत का कुठे?"

"नाहीत."

"मग कुणाचं काय जातंय?"

चांदण्या काढल्या. फाईलवर टिपणी लिहिली, 'वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार'. टिपणी लिहिली की आपलं काम संपलं असं मला नेहमी वाटतं. आजही वाटतंय. थोडं कमी.

११ एप्रिल

परिषद चांगली झाली. प्राध्यापक छान बोलतात.

आज पेपरात बातमी आली. मथळा, 'पाळणा न हलणाऱ्या वस्त्या'. खाली आमचाच नकाशा, रंगीत. मजकुरात वस्तीचं नाव देऊन लिहिलंय, 'येथील एका चौतीस वर्षीय शिक्षिकेचा तर तीन वेळा गर्भपात झाला आहे.'

त्या वस्तीत शिक्षक म्हणून एकच चौकोन आहे. त्यात एकच माणूस आहे. नकाशात नाव नव्हतं हे खरं.

१३ एप्रिल

सिस्टरांचा फोन. "तुमचा पेपर वर पोचला."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी मध्येच तोडलं. "बाईंच्या नवऱ्याला पहिल्याचं माहीत नव्हतं. तो तेव्हा लांब कामाला होता. फक्त मला माहीत होतं. आता खालच्या बस-कारखान्यातल्या सगळ्या मिस्त्र्यांना माहीत आहे, कारण पेपर तिथे चहाबरोबर येतो. तो तिथेच काम करतो."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय ते तुम्ही सांगा. तुम्ही आकडेवाले."

१५ एप्रिल

दवाखान्याची गाडी वर जाऊन रिकामी परत आली. नर्स म्हणाली, दारं बंद करून घेतली लोकांनी. एकीने तर आधी दिलेलं रक्त परत मागितलं.

साहेबांना विचारलं, वर जाऊन बोलू का. म्हणाले, "मुळीच नको. चिघळेल. नाव नाही तिथे दोष नाही. चार दिवसांत विसरतील लोक."

बरोबर असावं. पण कोण विसरणार, वरचे का खालचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

१६ एप्रिल

रजा टाकून बसने वर गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. सकाळी कपडे करून खुर्चीत बसलो होतो, तेव्हा ही म्हणाली, "जाऊन या." एवढंच.

समितीचे सगळे जमले होते. त्या दिवशीचा विनोद कुणी केला नाही. सिस्टरांनी मी दिलेला लेखी कागद समोर ठेवला.

"चांदण्या कोणी काढल्या?"

"वरिष्ठांच्या सूचनेनुसार..."

"सूचना कोणाची ते नाही विचारलं. काढल्या कोणी?"

"मी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून ठेवला. आरडाओरडा होईल अशी माझी तयारी होती. झाला असता तर बरं वाटलं असतं.

नंतर शाळेत गेलो. बाई गणित शिकवत होत्या. मला खिडकीतून बघितलं, पण धडा पुरा केला. मुलांना सुट्टी दिली, फळा पुसला, मग दारात आल्या.

"कशाला आलात?"

"चूक झाली हे सांगायला."

"ते मला पेपरात कळलं."

त्या हातावरचा खडू झटकत होत्या. मग स्वतःच बोलल्या. "नवरा घरी आला त्या दिवशी. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मीही भांडले असते, मला येतं भांडायला. तो म्हणाला, पहिलं तू एकटीनं सोसलंस आणि मला चहा पिताना दुसऱ्यानं वाचून दाखवलं. आणि रडायला लागला. आता याला मी काय करू?"

"परत गेले का ते?"

"कामाच्या ठिकाणीच राहतो आता. फोन करतो. पाणी आलं का विचारतो, आणि ठेवतो."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली.

२८ एप्रिल

प्राध्यापकांनी त्यांच्याकडची प्रत पुसून टाकल्याचं कळवलं. पेपरवाल्यांनी खुलासा छापला, सातव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली. छापलेला नकाशा काही पुसता येत नाही.

४ मे

पेच पडलाय. पाणी खात्याच्या इंजिनिअरना खड्डे बुजवायचे आणि तिसऱ्या ओढ्याचं पाणी बंद करून दुसरीकडून आणायचं, तर पुरावा हवा. पुरावा आमच्याकडे आहे. समितीने सांगितलं, आमची एक ओळही यापुढे कुणाला जाणार नाही. साहेब म्हणाले, "समितीला कोण विचारतंय? माहिती खात्याची आहे. सगळी फाईल आजच्या आज पाणी खात्याला पाठवा."

सगळी फाईल म्हणजे घरागणिक, बाईगणिक, वय, व्यवसाय, सगळं.

मी पाठवली नाही. कारण विचारलं तेव्हा 'तपासणी चालू आहे' म्हणालो. कसली तपासणी ते मलाही माहीत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांना दिलेलं हे पहिलं खोटं उत्तर, आणि ते मला इतकं सहज जमलं याचं जरा आश्चर्य वाटलं.

९ मे

शनिवार. सिस्टरांच्या स्वयंपाकघरात बसून नवीन करार लिहिला. त्यांनी चुलीजवळची खुर्ची मला दिली, स्वतः पाटावर. सगळी माहिती उपकेंद्रातल्या संगणकावर राहील. बाहेर जाईल ते समितीने आधी बघितलेलं असेल. जिची माहिती आहे ती केव्हाही काढून घेऊ शकेल. इथवर ठीक चाललं होतं. मग शब्दावरून शब्द वाढला.

"हे 'शक्यतो' काढा," त्या म्हणाल्या.

"सरकारी कागदात 'शक्यतो' लागतंच, सिस्टर."

"म्हणून तर काढा."

काढलं. 'यथावकाश' पण गेलं. 'योग्य त्या स्तरावर' गेलं. कागद निम्मा झाला आणि मला पहिल्यांदाच वाचून कळला.

चहा घेताना त्या अचानक म्हणाल्या, "मी इथे शब्द मोजत बसलेय आणि वरच्या वस्तीत एक पोरगी पाचव्या महिन्यात आहे. त्याच ओढ्याचं पितेय. आकडे दाबून ठेवले तर तिचं काय? आणि सोडले तर बाईंचं झालं तसं तिचं नाव उद्या चहाबरोबर वाचतील. तुमच्या त्या नियमात याला काय म्हणतात?"

याला काही म्हणत नाहीत. मग मी विचारलं, इंजिनिअरना नक्की काय हवंय ते आपण कधी त्यांना विचारलंय का?

कुणीच विचारलं नव्हतं.

११ मे

इंजिनिअरांना फोन केला. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की कुठल्या ओढ्यावर प्रमाण जास्त आहे आणि किती जास्त. ओढ्यागणिक एक ओळ. तीन ओळी. वय नाही, वस्ती नाही, व्यवसाय नाही. समितीने दुपारी तीन ओळी वाचल्या, मोठ्यांदा, दोनदा, आणि पाठवायला सांगितल्या.

इंजिनिअर म्हणाले, "झालं की. एवढंच पुरे होतं मला. बाकीचं कशाला पाठवणार होतात?"

२० मे

वरच्या वस्तीत टाक्या पोचल्या, नळ जोडायचं काम सुरू आहे. ओढ्याला कुंपण घातलं. साहेबांचा फोटो पेपरात, कुंपणाशेजारी.

संध्याकाळी ही गॅलरीत कपडे काढत होती. तिकडूनच म्हणाली, "अहो, आपली नोंद कुठे असेल हो?"

"कसली?"

"आपल्या वेळची. दवाखान्यात लिहून घेतलं होतं ना."

मी सांगितलं की त्या वेळी सगळं कागदावर असायचं. कागद दहा वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात, तसा नियमच आहे. तरी खात्री करायची असेल तर अर्ज करता येतो.

"नको," ती म्हणाली. "नष्ट केलं तर केलं."

माझा एक सदरा घेऊन ती बराच वेळ तिथेच उभी होती. सदरा ओला असावा.

२ जून

साहेबांनी करारावर सही केली. पेनाचं टोपण काढायला त्यांना बराच वेळ लागला. फोटोनंतर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. सही करून म्हणाले, "तुम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात असं मला वाटायचं."

"मलाही," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यापासून माझी बदली भांडार विभागात. पलंग, चादरी, सिरिंजा मोजायच्या. त्यात काय, मोजणं ते मोजणंच. वरची माहिती उपकेंद्रात पोचवून, समितीच्या ताब्यात देऊन यायचं, मग नवीन जागी रुजू व्हायचं. हिला सांगितलं. म्हणाली, "चादरींना कुणी काही बोलत तरी नाही."

१४ जून

आज वरचं शेवटचं काम. उद्या लिहायला बसलो तर नीट आठवणार नाही, म्हणून परतल्या परतल्या लिहितोय.

उपकेंद्रात संगणक लावला. करारात ठरल्याप्रमाणे प्रत्येक बाईने येऊन स्वतःची ओळ बघायची आणि ठेवायची का काढायची ते सांगायचं. सिस्टर माझ्या शेजारी बसल्या. बाकीच्यांना बाहेर थांबवलं होतं. एकेक येत होती, मी वाचून दाखवत होतो, सिस्टर त्यांच्या भाषेत सांगत होत्या. काहींनी 'ठेवा' म्हटलं. काहींनी 'काढा'. एकीने आधी काढायला लावलं आणि दारातून परत येऊन ठेवायला सांगितलं. काढायला सांगितलेली ओळ मी त्यांच्यासमोर पुसली, आणि ती गेलेली त्यांना बघू दिली. माझ्या चार महिन्यांच्या कामातून ओळी जात होत्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं.

शाळेच्या बाई शेवटी आल्या. नवरा बरोबर होता, उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, नखांत तेलाचं काळं. तो आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मी धरूनच चाललो होतो की त्या काढायला सांगतील. बोट ओळ पुसायच्या बटणावर ठेवूनच बसलो होतो.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

दाखवली. त्यांनी स्वतः वाचली. वय, शिक्षण, कुठलं पाणी. पुढे तीन.

"हे तीन चुकलंय."

"नर्सने तुम्ही सांगितलं तेच लिहिलं असेल."

"तिने विचारलं, किती वाया गेली. मी म्हटलं तीन. तिच्याकडे दुसरा प्रश्नच नव्हता." त्या संगणकाच्या पडद्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "वाया गेली ती दोन. तिसरं झालं. घरी झालं. उजाडेपर्यंत होतं."

सिस्टरांनी मान हलवली. त्या तिथे असणार.

"काढून टाकू का ओळ?" मी विचारलं.

"नाही. दुरुस्त करा."

मी तीनचे दोन केले. पण तिसरं लिहायला जागा नव्हती. तक्त्यात 'वाया गेलेली' होती आणि 'हयात' होती. झालं आणि उजाडेपर्यंत राहिलं, त्याला चौकोनच नव्हता. हे माझ्या आधी कधीच लक्षात आलं नव्हतं, आणि तक्ता मीच आखला होता. आकडेवारीच्या दृष्टीनेही ही मोठी चूक आहे.

"नवीन रकाना करतो," मी म्हणालो. "'जन्मानंतर मृत्यू' असं नाव देऊ?"

"नको."

"मग?"

बाईंनी दाराकडे बघितलं. नवऱ्याने तिकडूनच, आमच्या भाषेत, अडखळत सांगितलं, "रडलं होतं ते. चांगलं मोठ्यानं. मी अंगणात होतो, मला ऐकू आलं."

"तेच लिहा," बाई म्हणाल्या. "रडलं होतं का."

मी रकान्याच्या डोक्यावर तसं लिहिलं. 'रडलं होतं का'. त्यांच्या ओळीत 'हो' लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं, मग नवऱ्याला हाक मारली. तो आत आला, बूट बाहेर काढून. दोघांनी बघितलं. मग ते गेले.

मला वाटलं, काम संपलं. वायर गुंडाळायला घेतली. पण बाहेर बाईंनी कुणाला तरी काहीतरी सांगितलं असावं. कारण घराकडे निघालेल्या बायका चढावरून परत यायला लागल्या. आधी ठेवा म्हटलेल्या, आणि काढा म्हटलेल्याही. पुन्हा रांग. सिस्टर उठल्या आणि दार पूर्ण उघडून ठेवलं. आता कुणी बाहेर थांबायला तयार नव्हतं.

मी विचारत होतो, त्या सांगत होत्या. हो. नाही. नाही. हो, दोन दिवस. हो, पण अगदी बारीक. काढून टाकलेल्या ओळी मी पुन्हा लिहून घेतल्या, आता त्यांच्या तोंडून.

शेवटी एक वयस्कर बाई बसली. तिचं फार जुनं होतं, आमच्या अभ्यासाच्या वर्षांच्या कितीतरी आधीचं. ते नियमात बसत नव्हतं. मी नवीन ओळ उघडली.

ती सिस्टरांकडे वळून काहीतरी म्हणाली. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ती म्हणतेय," सिस्टर म्हणाल्या, "खालच्या रुग्णालयात झालं, मला गुंगी होती, मी ऐकलं नाही. म्हणून इतकी वर्षं मला माहीतच नाही."

"मग काय लिहू?"

"मी होते तिथे," सिस्टर म्हणाल्या. "मी ऐकलं होतं. लिहा, हो."

लिहिलं.